फुफीचा फॉर्म कुणी भरला?

कळंब म्हटलं की बाहेरचे लोक विचारतात, धाराशिवचं की यवतमाळचं? आमचं कळंब तिसरं. आंबेगाव तालुक्यातलं. मंचर सोडून नारायणगावच्या दिशेने निघालं की पुणे-नाशिक रस्त्यावर, घोड नदीच्या काठी लागतं ते. तिथे माझी फुफी राहते. वय सत्तरीला टेकलंय, अकरा वर्षांपासून शुगर आहे, गुडघे दुखतात, पण घरातलं पीठ अजून तीच मळते. फुफांच्या इंतकालाला चार वर्षं झाली. तिचा मुलगा पिकअप चालवतो. हंगामात टोमॅटो नारायणगावला, कांदा मंचरला. दिवसाची तिसरी खेप झाल्याशिवाय त्याच्या डोळ्यांना घर दिसत नाही.

गेल्या रमजानात, विसावा रोजा उलटून गेला होता. असरची नमाज पढून फुफी स्वयंपाकघरात आली आणि चुलीच्या ओट्याला धरून खाली बसली. सुनेला वाटलं, उन्हाने चक्कर आली. पण अंगावरचा कपडा घामाने ओला, हात थरथरतायत, आणि काय बोलतेय ते कळेना. सून शहाणी. फुफी शुद्धीवर आहे, गिळू शकते, हे पाहून तिने साखरेचं पाणी पाजलं. फुफी हाताने ग्लास लोटत होती, रोजा तुटेल म्हणून. मग शेजाऱ्यांच्या गाडीतून दवाखान्यात. तिथे बोटातून थेंब काढून पाहिला, तर शुगर 54. ती साखरपाणी पोटात गेल्यानंतरची! त्याआधी किती उतरली असेल, अल्लाहलाच ठाऊक.

डॉक्टरांनी विचारलं, "रोजे चालू होते?"

"होते की. सगळे."

"आणि सकाळची गोळी?"

"सहेरीला घेत होते. तुम्हीच सांगितलं होतं, सकाळी नाश्त्याआधी."

डॉक्टरांनी समोरच्या पडद्याकडे पाहिलं. तिथे फुफीच्या नावापुढे ओळ होती: उपवास – नाही.

हा दवाखाना कुठला, ते मी लिहिणार नाही. डॉक्टर भले आहेत. अडलेल्याकडून पैसे न घेता पाठवल्याची दोन उदाहरणं मी स्वतः पाहिली आहेत. चूक त्यांची की आमची, हा वाद मी घातलाच नाही. मला दुसरंच कोडं पडलं. ती ओळ तिथे आली कुठून? फुफी आयुष्यात एकही रोजा न सोडणारी बाई. तिच्या कागदावर "उपवास – नाही" कुणी लिहिलं?

ईदला कळंबला गेले तेव्हा शीरखुर्मा खाता खाता सगळं उकलून घेतलं. सहा-सात महिन्यांपूर्वी त्या दवाखान्यात जुना केसपेपर बंद झाला. काउंटरवर गेलं की एक टॅब हातात देतात. नाव, वय, आधीचे आजार, चालू गोळ्या, सवयी, झोप, असे वीस-पंचवीस प्रश्न. मराठीत आहेत, हे कबूल करायला हवं. ते भरले की नंबर लागतो आणि आत जाईपर्यंत उत्तरं डॉक्टरांच्या पडद्यावर पोचलेली असतात.

फुफीला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. कुरआन शरीफ ती अरबीत रोज वाचते, पण तो पडदा बोटाने वर-खाली सरकवणं तिच्या आवाक्यातलं नाही. त्यामुळे टॅब गेला मुलाच्या हातात. बाहेर पिकअप उभी, क्रेट उतरवायचे राहिलेले. त्याने भराभर बोट चालवलं. मी त्याला विचारलं, "उपवासाला 'नाही' का केलंस?" तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी वेडीच आहे. म्हणाला, "उपास काय आपल्यात असतात का? ते एकादशी-चतुर्थीचं विचारत होते ना?"

त्याचं चुकलं असं मला म्हणवेना. आमच्या भागात 'उपवास' म्हटलं की डोळ्यांपुढे साबुदाण्याची खिचडी येते. शेजारच्या काकू आषाढीला आमच्याकडे वाटीभर पाठवतात, ती. आपल्या घरात तो शब्दच नाही. आपण रोजा धरतो, रोजा सोडतो. फॉर्म लिहिणाऱ्याने मनात सगळेच उपवास धरले असतील, पण लिहिला एकच शब्द. वाचणाऱ्याने आपल्या घरचा अर्थ लावला आणि प्रामाणिकपणे उत्तर दिलं. खोटं कुणीच बोललं नाही, तरी कागदावर खोटं उमटलं.

मग मी त्याच्याकडून बाकीचे प्रश्नही आठवून घेतले.

"दारू?" त्याने हसून 'नाही' दाबलं. फुफीला हा प्रश्न नंतर कळला तेव्हा ती दोन दिवस रुसली होती. "मेरेकू ऐसा पूछते?" (हा प्रश्न सगळ्यांनाच असतो, त्यात हिणवणं नाही, हे तिला समजावायला मला अर्धा तास लागला. काही औषधांचं दारूशी जमत नाही, म्हणून विचारतात.)

"तंबाखू?" – 'नाही'. आता फुफी पान खात नाही, गुटखा तर दूरच. पण फुफी मिश्री लावते. तव्यावर काळी होईपर्यंत तंबाखू भाजायची, कुटून पूड करायची आणि बोटाने दातांना घासायची. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांत, कुठल्याही जातीधर्माच्या असोत, हे सर्रास चालतं. आता तर बाजारात तयार पुडी मिळते. त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे, तंबाखू नव्हे. रोज्यात तर ती सहेरीच्या वेळी आणि इफ्तारनंतर लावते, म्हणजे रोज्यालाही बाध नाही! पण तोंडाच्या कर्करोगाला तंबाखू तोंडात कशी आली याच्याशी देणंघेणं नसतं. 2016-17 साली भारत सरकारने प्रौढांच्या तंबाखू-वापराची मोठी पाहणी केली, तिच्यात तोंडात लावायच्या तंबाखूच्या प्रकारांत मिश्रीचं नाव वेगळं घेतलं आहे. ज्याने तो प्रश्न लिहिला त्याला माहीत होतं की 'तंबाखू' एवढंच विचारलं तर बाई मान हलवून नाही म्हणेल. आमच्या दवाखान्याच्या टॅबमध्ये तेवढा एक शब्द कमी होता.

"लघवीवर ताबा राहतो का?" – 'हो'. हा प्रश्न मुलाने मोठ्याने वाचला नाही. स्वतःच उत्तर दिलं. आईला कसं विचारणार? आणि त्याने विचारलं असतं तरी तिने काय सांगितलं असतं? पुढचं मला सुनेने कानात सांगितलं. फुफी वर्षभर लांबच्या लग्नाला जात नाही, त्याचं कारण गुडघे नाहीत.

"गेल्या 2 आठवड्यांत उदास, निराश वाटलं का?" – 'अजिबात नाही'. तेही मुलानेच. फुफा गेल्यापासून ती रात्री दोनला उठून बसते, हे त्याला माहीत नसावं. माहीत असलं तरी 'निराश' हा शब्द त्याने आईला लावला नसता. आपल्या बायका निराश होत नाहीत. त्यांचं दिल घबराता, जीव लागत नाही, डोक्यात मुंग्या येतात. त्या शब्दांत विचारलं तर बाई बोलते.

आता कुणी म्हणेल, ही टॅबची भानगड हवीच कशाला? पूर्वीचे डॉक्टर नाडी धरून विचारायचे. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण थोडं वाचलं, थोडं विचारलं, आणि मत जरा बदललं.

2017 साली जगभरच्या अभ्यासांचा एक आढावा प्रसिद्ध झाला, 67 देशांतला. साध्या तपासणीत डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात? स्वीडनमध्ये 22 मिनिटांहून जास्त. बांगलादेशात 48 सेकंद. आपल्या देशाचा आकडा होता साधारण 2 मिनिटं. दोन मिनिटांत अकरा वर्षांची शुगर, गुडघे, झोप आणि मिश्री कशी मावणार? बाहेर बाकावर तासभर बसलेल्या माणसाकडून आधीच काही विचारून घेतलं, तर ती दोन मिनिटं खऱ्या कामाला येतात. कल्पना वाईट नाही.

आणि ती नवीही नाही. 1966 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात वॉर्नर स्लॅक नावाच्या तरुण डॉक्टरांनी कपाटाएवढ्या संगणकाकडून रुग्णाला ॲलर्जीबद्दल प्रश्न विचारायला लावले. पडद्यावर प्रश्न यायचा, रुग्ण बटण दाबायचा. लोकांना वाटलं होतं, माणसं यंत्रावर चिडतील. उलट काहींना ते आवडलं. यंत्र घाई करत नाही, तोंड वाकडं करत नाही. मला त्यातली एक गोष्ट फार भावली. त्या संगणकात 'हो' आणि 'नाही' सोबत आणखी दोन बटणं होती: 'माहीत नाही' आणि 'प्रश्न समजला नाही'. फुफीच्या टॅबवर शेवटचं बटण असतं, तर काय झालं असतं? अर्थात, दाबणारं बोट मुलाचं असतं, आणि त्याला प्रश्न समजला आहे अशी त्याची खात्रीच होती.

दुसरं उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुण्यातल्या तरुण मुलांना काही खासगी, सांगायला अवघड प्रश्न विचारले गेले. काहींना समोर बसून, काहींना कानाला हेडफोन लावून संगणकाकडून. कॉलेजातल्या मुलांनी यंत्रापाशी जास्त मोकळेपणाने सांगितलं. झोपडवस्तीतल्या मुलांच्या बाबतीत मात्र तसा सरळ निष्कर्ष निघाला नाही. एकाच शहरात, एकाच वयाच्या मुलांत एवढा फरक. यंत्र ज्याच्या हाताला सवयीचं, त्याला ते विश्वासू वाटतं. ज्याच्या हाताला परकं, त्याला ते सरकारी साहेबासारखं वाटत असावं.

हा साहेब आता दवाखान्यापुरताही उरलेला नाही. तो आशाताईंच्या मोबाईलमधून आपल्या दारात येतो. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची एक तपासयादी असते, वाचकांपैकी अनेकांच्या घरी ती भरली गेली असेल. वय, तंबाखू, दारू, कंबरेचा घेर, आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम होतो का, आई-वडिलांना बीपी-शुगर होती का. बायकांचा घेर 80 सेंटीमीटरपर्यंत असेल तर शून्य गुण, 90 च्या वर गेला तर 2. पुरुषांना दहा-दहा सेंटीमीटरची सूट. बेरीज 4 च्या वर गेली तर तपासणीला आधी बोलावतात. पुढे तोंडातल्या न भरणाऱ्या जखमेपासून स्तनातल्या गाठीपर्यंत प्रश्न आहेत आणि शेवटी मनाचे दोन. ही यादी चांगली आहे. पण आमच्या वाडीवर ती भरताना मी पाहिली. दारात उभ्याउभ्या, सासू शेजारी, दीर ओट्यावर. स्तनातल्या गाठीचा प्रश्न आला आणि सुनेने ऐकू येण्याआधीच "नाही नाही" म्हणून टाकलं. आशाताई तरी काय करणार? तिला दिवसात अशी किती घरं करायची असतात.

आपल्या घरांत फॉर्मची एक वेगळी धास्तीही आहे, ती का लपवायची? 2020 च्या सुरुवातीला कुणी वही-पेन घेऊन दारात आलं की लोक दार लोटून घेत. कागदपत्रांच्या त्या भीतीवर लगेच करोना आला. 15 सप्टेंबर 2020 पासून राज्यात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली, घरोघर ताप आणि ऑक्सिजन मोजून माहिती मोबाईलमध्ये भरली जाऊ लागली. तेव्हा फुफीच्या गल्लीत एकाने घरातली शुगरची रुग्ण लपवली होती. "नाव वर गेलं तर उचलून नेतील." त्यात कुणाचं भलं झालं? पण भीती आभाळातून पडत नाही, हेही खरं. गंमत अशी, की ज्या जुन्नरच्या कागजींनी हाताने केलेल्या कागदावर पेशव्यांच्या दप्तराचे हिशेब लिहिले गेले, त्याच मुलखातली आपली माणसं आज कागद दिसला की अंग चोरतात. आणि आता तर कागदही उरला नाही. पडद्यावर गेलेलं कुठे जातं ते दिसत नाही, म्हणून शंका दुप्पट.

म्हणून थोडं माहितीचं. आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं. त्यात प्रत्येकाला 14 आकडी 'आभा' क्रमांक काढता येतो. मोठ्या सरकारी रुग्णालयात भिंतीवरचा चौकोनी कोड मोबाईलने टिपला की नाव-वय आपोआप काउंटरवर जातं आणि टोकन मिळतं. ज्याला रांगेत उभं राहवत नाही त्याला सोय आहे. पण हा क्रमांक काढणं ऐच्छिक आहे. डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 साली केला. तुमची माहिती कशासाठी घेतोय हे सांगून संमती घ्यायची आणि ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत पाहायची सोय ठेवायची, असं त्यात आहे. मराठी आणि उर्दू दोन्ही त्या 22 मध्ये येतात. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. पण डॉक्टरांवरचं एक बंधन त्याहून जुनं आहे. 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर 72 तासांत त्याची नोंद द्यावी लागते. रुग्णाचं गुपित राखणं तर त्यांच्यावर बंधनकारकच आहे. आपण ज्याला अमानत म्हणतो, तीच गोष्ट.

ती नोंद एकदा मागून घरी वाचाच. मी फुफीची मागितली. काउंटरवरच्या मुलीने दोन मिनिटांत छापून दिली. त्यात फुफी दोनदा निघाली! एकदा आधारवरच्या नावाने, 'बी' लावलेली. एकदा रेशनकार्डावरच्या नावाने, आडनाव आधी आणि फुफांचं नाव मध्ये. टॅबला पहिलं, मधलं आणि शेवटचं नाव वेगवेगळ्या चौकटीत हवं असतं. आपल्या बायकांची नावं तशी बसतातच असं नाही. शुगरच्या जुन्या नोंदी एका फुफीकडे, बीपीची गोळी दुसरीकडे. आधारवर आहे तेच नाव, त्याच क्रमाने, प्रत्येक वेळी सांगायचं. एवढं घरात ठरवून टाका, निम्मा घोटाळा वाचतो.

रमजानचं मात्र टॅबवर सोडू नका, त्यात प्रश्न असो वा नसो. 2001 साली 13 देशांतल्या 12,243 मुस्लिम मधुमेहींची पाहणी झाली होती. टाइप 2 म्हणजे आपल्या घरांत सहसा असणाऱ्या शुगरच्या रुग्णांत, रुग्णालयात न्यावं लागेल इतकी साखर उतरण्याचं प्रमाण रमजानात इतर महिन्यांच्या साडेसात पट निघालं. एकंदर आकडा लहानच आहे, महिन्याला हजारात 4 वरून 30 वर गेलेला. पण त्या तिसांत आपली फुफी असू शकते. त्यानंतर आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघ आणि रमजान-मधुमेहावर काम करणाऱ्या डॉक्टरांनी मिळून मार्गदर्शिका काढली, तिची एक आवृत्ती 2021 ची आहे. त्यात काय आहे? प्रश्नावलीच! शुगर किती वर्षांची, गोळी कोणती, इन्सुलिन आहे का, आधी कधी साखर उतरली होती का, मूत्रपिंड कसं आहे, अंगमेहनतीचं काम आहे का, मागचे रोजे कसे गेले. प्रत्येकाला गुण. 3 पर्यंत धोका कमी, 6 च्या वर गेला तर रोजा न धरण्याचा सल्ला. याच कामासाठी, ज्यांना विचारायचं त्यांच्या शब्दांत केलेली प्रश्नावली किती उपयोगी पडते, ते इथे दिसतं. बोटातून रक्त काढून शुगर पाहिल्याने रोजा तुटत नाही आणि 70 च्या खाली गेली तर लगेच सोडावा, हेही त्यात आहे. आजारी माणसाला सवलत तर सूरह बकराच्या 184 आणि 185 व्या आयतीतच आहे, आपल्याला ती माहीत असते आणि आपण ती दुसऱ्यांसाठी राखून ठेवतो. गोळी सहेरीला की इफ्तारला, किती, हे ज्याचं त्याने डॉक्टरांना विचारावं, शेजारणीला नाही. आणि शाबान लागला की विचारावं, चांद दिसल्यावर नव्हे.

बकरी ईदनंतर फुफीची पुढची तारीख होती. मी मुद्दाम गेले. निघताना सुनेने एका वहीच्या पानावर चार गोष्टी लिहून दिल्या, घरच्याच शब्दांत: रोजे धरते, मिश्री लावते, रात्री झोप नाही, आणि चौथी घडी घालून आतल्या बाजूला. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकली, नावं कुणाला लक्षात राहतात?

काउंटरवर टॅब आला. मुलाने सवयीने हात पुढे केला. फुफीने त्याच्या हातावर हलकेच चापट मारली आणि त्याला चहा आणायला पिटाळलं. मग टॅब उलटा त्या मुलीकडे सरकवला. "बेटी, मला वाचता येत नाही. तू वाच, मी सांगते. हळू वाच."

मुलगी गोंधळली. मागे रांग होती. पण तिची आजीही बहुधा अशीच असणार, कारण ती काउंटर सोडून बाहेर आली आणि कोपऱ्यातल्या बाकावर फुफीशेजारी बसली. दुपट्टा सावरत दोघी टॅबवर वाकल्या. मी जरा लांब उभी राहिले. वहीचं पान फुफीने तिच्या हातात दिलं, आतल्या घडीसकट. मुलीने ते वाचलं, मान वर न करता काहीतरी टाइप केलं.

'उपवास' आला तेव्हा मुलगी स्वतःच म्हणाली, "आजी, रोजे धरता ना? इथे उपवास लिहिलंय, मी पुढे रोजे असं लिहिते. डॉक्टरांनी सांगितलंय आता, असं कुणी असलं की लिहायचं."

पुढचा प्रश्न तंबाखूचा. फुफी माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "मिश्री."

"दिवसातून किती वेळा, आजी?"

मला वाटत होतं, दोनदा. फुफीने एकदा दरवाज्याकडे पाहिलं, मुलगा चहा घेऊन आलेला नाही याची खात्री केली आणि चार बोटं दाखवली.